भाऊजींना विमानात दारू नाकारली तेव्हा

आमचे भाऊजी पहिल्यांदा विमानात बसले ते वयाच्या पासष्टाव्या वर्षी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लालबागच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते. 1982 च्या संपात ती नोकरी गेली आणि पुढे महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला म्हणून चिकटले ते निवृत्तीपर्यंत. अंधारात उठायचे, परळ-लालबागच्या गल्ल्यांतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि लोकांच्या नळाला पाणी सोडायचे, हे त्यांचे काम. थोरला मुलगा शिकला, लंडनला नोकरीला लागला, त्याला मुलगी झाली आणि तिच्या नामकरणासाठी त्याने आईवडिलांची तिकिटे पाठवली. निघाले त्या रात्री निम्मी चाळ टॅक्सीपाशी उतरली होती. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून, सगळ्यांना जयभीम करून दोघे सहार विमानतळावर गेले.

महिन्याभराने परत आले तेव्हा खोलीत बसायला जागा नव्हती. भाऊजी सांगत होते, आम्ही ऐकत होतो. थंडी कशी, आगगाडी जमिनीखालून कशी जाते, किंग हेन्री रोडवरच्या 10 नंबरच्या घरासमोर ते कसे उभे राहिले. त्या घरात बाबासाहेब शिकत असताना राहिले होते आणि 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. हे सगळे सांगून झाले, शेजारीपाजारी पांगले, आणि मग भाऊजी माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सगळं झकास झालं. पण जाताना विमानात त्या पोरीनं माझा अपमान केला. तू चार बुकं शिकलेली आहेस, तूच सांग मला याचा अर्थ."

घडले ते असे. मुंबईहून लंडन म्हणजे साडेनऊ-दहा तासांचा प्रवास. विमान वर गेल्यावर थोड्या वेळाने गाडी आली. ताईने संत्र्याचा रस घेतला, भाऊजींनी व्हिस्की घेतली. फुकट आहे हे कळल्यावर दुसरी घेतली, जेवणाबरोबर तिसरी. चौथ्यासाठी त्यांनी डोक्यावरचे बटण दाबले. एक तरुण मुलगी आली, वाकून म्हणाली, "सर, आधी थोडं पाणी घ्या, थोड्या वेळाने बघू." अर्ध्या तासाने भाऊजींनी पुन्हा बटण दाबले. या वेळी ती हसून पण स्पष्टपणे म्हणाली, "सॉरी सर, आता आणखी देता येणार नाही." आणि तिने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढच्या फळीवर ठेवला. नेमके त्याच वेळी पलीकडच्या रांगेतल्या कोटवाल्या गृहस्थाला दुसऱ्या मुलीने ग्लास भरून दिला.

भाऊजींनी आरडाओरडा केला नाही. तो त्यांचा स्वभावच नाही. पण लंडन येईपर्यंत ते गप्प बसून राहिले आणि तो पाण्याचा ग्लास त्यांनी तोंडाला लावला नाही. मला सांगताना त्यांचे वाक्य होते, "जात विचारली नाही गं तिनं. पण तोंडाकडं बघून ओळखली."

ताई कोपऱ्यात भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "त्या पोरीनं दोन मिनिटांत जे केलं ते मला चाळीस वर्षांत जमलं नाही." भाऊजींनी तिच्याकडे पाहिले नाही.

दोघांपैकी कुणाला हसावे आणि कुणाची समजूत घालावी, हे मला त्या वेळी कळेना. भाऊजींच्या मनातली शंका मला वेडगळ वाटली नाही. आपल्या माणसाला कुठेही 'नाही' ऐकायला आले की त्याच्या मागे दुसरी एक 'नाही' ऐकू येते आणि ती फार जुनी असते. प्रवासातल्या नकाराचा तर आपल्याकडे इतिहासच आहे. 1901 सालची गोष्ट बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून ही लहान मुले वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला निघाली आणि मसूर स्टेशनात उतरली. अंगावर चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली, पण मुले महार आहेत हे कळताच तो मागे सरला. बैलगाडीवाला दुप्पट भाडे घेऊनही शेजारी बसायला तयार होईना. गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार, असे ठरले. डब्यात खाणे भरपूर होते, पण रात्रभर त्यांना पाण्याचा थेंब मिळाला नाही, म्हणून ते खाणे तसेच राहिले. टोलनाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागितले, तिथेही नाहीच. पुढे 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्याचे पाणी हजारो लोकांसह ओंजळीत घेणारा माणूस त्या बैलगाडीत तहानलेला बसला होता.

ज्यांच्या घरात ही गोष्ट मुलांना झोपताना सांगितली जाते, त्या घरातल्या माणसाला विमानात ग्लास नाकारला तर तो कुठे दुखावेल, हे सांगायला नको. म्हणून मी भाऊजींना लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, चौकशी करून सांगते.

चौकशीला लांब जावे लागले नाही. आमच्या मागच्या चाळीतली एक मुलगी गेली काही वर्षे विमानात नोकरी करते. मला मावशी म्हणते. रविवारी आईकडे आली होती, तिला गाठले. 'हवाई सुंदरी' हा शब्द मी उच्चारला तशी म्हणाली, "मावशी, सुंदरी नका म्हणू. आम्ही कामगार आहोत. आमचं पहिलं काम विमानाला आग लागली तर माणसं दीड मिनिटात बाहेर काढायची, चहा-जेवण त्यानंतर." हे मला नवीन होते. तिने सांगितले की साधारण पन्नास आसनांमागे एक कर्मचारी लागतोच, असा नियम असतो. तो वाढपासाठी केलेला नाही, सुटकेसाठी केलेला आहे. तीनशे माणसांच्या विमानात मध्यरात्री, अटलांटिक म्हणा की काळा समुद्र म्हणा, त्यावरून जाताना पोलीस बोलावता येत नाही, दार उघडून कुणाला उतरवता येत नाही. झिंगलेला एक माणूस बिघडला तर त्याला आवरायला दोन-तीन कर्मचारी अडकतात आणि तेवढ्या वेळात बाकीच्या दोनशे नव्वद माणसांकडे पाहायला कोणी नसते.

मग दारू मोजतात कशी? फुंकर मारून पाहायचे यंत्र त्यांच्याकडे नसते. त्या लहान बाटल्या बहुधा पन्नास मिलिलिटरच्या असतात, त्यामुळे मोजणे सोपे जाते. कुणी किती घेतल्या हे मुली एकमेकींना सांगून ठेवतात, कारण हुशार प्रवासी एकदा पुढच्या मुलीकडे मागतो, मग मागे स्वच्छतागृहाकडे गेल्यासारखे करून तिथल्या मुलीकडे मागतो. आकड्याशिवाय त्या चेहरा बघतात. आवाज चढला का, शब्द अडखळतात का, शेजारची बाई अंग चोरून बसली आहे का. "शेजारच्या बाईकडं बघितलं की निम्मं कळतं," ती म्हणाली. मला ताईचा चेहरा आठवला.

आणि कोटवाला? तो ग्लास त्याचा पहिला असेल, असे ती म्हणाली. असेलही. पण मी तिला खोदून विचारले, "खरं सांग, कपडे बघून तुमच्यात फरक होतच नाही?" ती थोडी थांबली. मग म्हणाली, "होतो मावशी. आखाताच्या विमानात मजूर जास्त असले की काही जणी आधीच कपाळाला आठ्या घालून उभ्या असतात. आणि पुढच्या महागड्या आसनांतल्या साहेबाला नाही म्हणायला मोठ्यांचीही जीभ अडते. तो तक्रार करतो, त्याची तक्रार वर ऐकली जाते."

तिचे हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. विमानातल्या दारूवरून आपल्या देशात ज्या दोन घटना सर्वांत जास्त गाजल्या, त्या दोन्ही पुढच्या महागड्या आसनांतल्या होत्या.

पहिली आपल्या मुंबईतूनच निघालेल्या विमानातली. नोव्हेंबर 2018 मध्ये एअर इंडियाचे मुंबई-लंडन विमान, म्हणजे भाऊजींचाच रस्ता. बिझनेस क्लासमधल्या एका परदेशी बाईला वाइनच्या तीन लहान बाटल्या देऊन झाल्यावर कर्मचाऱ्यांनी आणखी द्यायला नकार दिला. ती पेशाने वकील होती. नकार ऐकताच तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, त्याची चित्रफीत जगभर फिरली. भारतीय कर्मचाऱ्यांना तिने वर्णावरून, देशावरून घाणेरड्या शिव्या दिल्या आणि एकाच्या तोंडावर थुंकली. लंडनला उतरताच तिला अटक झाली आणि एप्रिल 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. इंग्लंडच्या कायद्यात विमानात दारू पिऊन झिंगणे हाच मुळी गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ती चित्रफीत मी पुन्हा पाहिली. शिव्या देणारीपेक्षा मला समोर उभा असलेला कर्मचारी लक्षात राहिला. तो हात मागे बांधल्यासारखा उभा आहे, उलट शब्द काढत नाही, आणि दारूही देत नाही. शिकलेली, कायदा जाणणारी, महाग तिकीट काढलेली बाई 'नाही' ऐकल्याबरोबर थेट माणसाच्या कातडीवर गेली. नाकारणारा आपल्यापेक्षा खालचा आहे, त्याची नाकारण्याची पायरीच नाही, असे ज्याला आतून वाटते तोच असा वागतो. वर्णाच्या जागी जात ठेवली की ही वृत्ती आपल्या ओळखीची निघेल.

दुसरी घटना उलट्या प्रकारची आहे. 26 नोव्हेंबर 2022. योगायोगाने तो संविधान दिन होता. एअर इंडियाचेच न्यूयॉर्क-दिल्ली विमान. बिझनेस क्लासमधल्या एका प्रवाशाने दारूच्या नशेत एका वृद्ध बाईच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप झाला. त्याने तो पुढे नाकारला. पण प्रकरण बाहेर यायला जानेवारी उजाडला. पोलिसांकडे तक्रार तेव्हा नोंदली गेली, अटकही तेव्हाच झाली. 20 जानेवारी 2023 ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला 30 लाख रुपयांचा दंड केला आणि मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित केला. दंड झाला तो दारू नाकारली म्हणून नव्हे. बेशिस्त प्रवाशाबाबत जे करायचे ते वेळेवर केले नाही म्हणून झाला.

त्याच महिन्यात एअर इंडियाने दारू देण्याचे आपले नियम बदलले. सिग्नलचे हिरवा, पिवळा, लाल हे तीन रंग मनात धरून कर्मचाऱ्यांनी प्रवाशाकडे पाहायचे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे हात आखडता घ्या, लाल म्हणजे बंद. नकार कसा द्यावा हेही त्यात सांगितले होते. आवाज चढवायचा नाही, प्रवाशाला 'दारुडा' म्हणायचे नाही, आणि एकदा पुरे म्हटल्यावर 'चला, शेवटचा एक' असेही करायचे नाही. माणूस शुद्धीवर असताना, त्याला समजावता येते तोवरच थांबवायचे. हे वाचले तेव्हा मला भाऊजींच्या त्या मुलीचे वागणे आठवले. पहिल्या वेळी पाणी घ्या म्हणाली, दुसऱ्या वेळी हसून नाही म्हणाली, ग्लास ठेवून गेली. आधी पिवळा, मग लाल. भाऊजी अजून शुद्धीवर होते म्हणूनच तिने ते तेव्हा केले.

एक गोष्ट भाऊजींना पटवणे अवघड होते. ते म्हणायचे, "तीन पेगनं मला काय होतंय? घरी चार घेऊन मी रात्रपाळीला गेलोय." (ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हे, पण माणूस आपल्याच घरात खोटे कशाला बोलेल.) इथे थोडे विज्ञान सांगितले पाहिजे. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडते. आत हवा भरलेली असते, पण ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तेवढीच. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर साधारण 5,400 फूट. म्हणजे लंडनला जाणारा माणूस कळसूबाईच्याही वर जाऊन रात्रभर बसतो. तिथे शरीराला प्राणवायू कमी मिळतो, हवा कोरडी असल्याने घसा सुकतो, पाणी कमी पडते. त्यात दारू पडली की डोके लवकर जड होते.

जर्मनीतल्या संशोधकांनी 48 निरोगी माणसांवर केलेला प्रयोग 2024 साली प्रसिद्ध झाला. काहींना जमिनीवर, काहींना विमानासारख्या विरळ हवेच्या खोलीत झोपवले. एक रात्र दारू देऊन, एक रात्र न देता. दारू घेऊन विरळ हवेत झोपलेल्यांच्या रक्तातला ऑक्सिजन 85 टक्क्यांच्या आसपास उतरला आणि हृदयाचे ठोके मिनिटाला 88 च्या जवळ गेले. दारू किती, तर बीअरचे दोन डबे होतील एवढीच. कोरोनाच्या काळात बोटाला चिमटा लावून आपण सगळ्यांनी ते आकडे पाहिले आहेत. 94 च्या खाली गेले की घरात रडारड सुरू व्हायची. आणि प्रयोगातली ती माणसे 18 ते 40 वयाची होती. भाऊजी पासष्टचे, रक्तदाबाची गोळी रोज घेणारे. ज्याला दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, साखरेची इन्शुलिन चालू आहे, किंवा जो विमानात झोप यावी म्हणून गोळी घेतो, त्याने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वर गेल्यावर ग्लासाला हात लावू नये.

हे भाऊजींना मी एका संध्याकाळी सविस्तर सांगितले. ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे तिनं बरोबर केलं म्हणतेस."

मी म्हटले, "भाऊजी, तुम्हाला काय नाकारलं आणि काय दिलं ते बघा. मसूरच्या नाक्यावर पाणी नाकारलं होतं. या पोरीनं दारू नाकारली आणि पाणी आणून ठेवलं. ते पाणी तुम्हीच प्यायला नाहीत."

ते काहीच बोलले नाहीत. मला वाटले मी जरा जास्तच बोलले. मोठ्या माणसाला, तेही बहिणीच्या नवऱ्याला, असे तोंडावर सांगण्याची आमच्याकडे पद्धत नाही. ताईने चहा ठेवला आणि विषय बदलला.

तरी भाऊजींची शंका मी पूर्णपणे खोडून काढलेली नाही, आणि काढणारही नाही. एका मुलीने रीतीने नकार दिला म्हणून सगळीकडे रीतच चालते असे नाही. पहिल्याच ग्लासाला नकार मिळाला, शेजाऱ्याला चार दिले आणि आपल्याला कपडे पाहून टाळले, हाक मारूनही पाणी आणले नाही, किंवा 'तुम लोग' अशी भाषा वापरली, तर तो नियम नव्हे. तो भेदभाव आहे. अशा वेळी विमानात आवाज चढवू नये. तिथे आवाज चढवला की आपली बाजू खरी असूनही आपण बेशिस्त प्रवासी ठरतो. मुख्य कर्मचाऱ्याला बोलवावे, शांतपणे विचारावे, आपला आसन क्रमांक, वेळ आणि ज्याने नकार दिला त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचे नाव कागदावर लिहून ठेवावे. उतरल्यावर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. केंद्र सरकारची 'एअरसेवा' ही तक्रारीची सोय आहे, तिथे मोबाइलवरूनही तक्रार करता येते. घरातल्या शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांना एवढी मदत जरूर करावी.

बेशिस्त ठरलो तर काय होते, हेही ठाऊक असावे. सप्टेंबर 2017 मध्ये आपल्याकडे बेशिस्त प्रवाशांसाठी नियम आले. त्याला निमित्तही महाराष्ट्राचेच झाले. उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याहून दिल्लीला आल्यावर एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले होते. तिथे दारूचा संबंध नव्हता, भांडण बिझनेस क्लासचे आसन न मिळाल्याचे होते. या नियमांत तीन पायऱ्या ठेवल्या. शिवीगाळ, झिंगून केलेला गोंधळ यासाठी तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल असे काही केले तर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त. निर्णय कंपनीची समिती करते आणि तिच्या अध्यक्षपदी निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा लागतो. पोलीस आणि कोर्ट ते वेगळेच. कामावर रुजू व्हायला आखातात निघालेल्या मजुराला तीन महिन्यांची बंदी म्हणजे नोकरीच गेली.

आणखी काही बारीकसारीक. देशातल्या देशात, म्हणजे मुंबई-नागपूर किंवा मुंबई-दिल्ली विमानात दारू मिळतच नाही, तिथे मागून हसे करून घेऊ नये. सौदी आणि कुवेतच्या सरकारी कंपन्यांच्या विमानांतही नसते. विमानतळावरच्या दुकानातून घेतलेली बाटली आत फोडून पिणे हा सगळ्यात मोठा मूर्खपणा, कारण कर्मचाऱ्याने हाताने दिलेली सोडून दुसरी दारू तिथे चालत नाही. भीती जावी म्हणून घरून किंवा विमानतळावरूनच घेऊन जाणारेही असतात. झिंगलेला दिसला तर त्याला दारातच अडवतात, तिकिटाचे पैसे बुडतात आणि तिकडे वाट पाहणारी माणसे वाट पाहत राहतात. पहिल्या प्रवासाची भीती वाटत असेल तर तसे कर्मचाऱ्याला सरळ सांगावे. त्यात कसली लाज नाही.

बेशिस्तीचे प्रकार जगभरच वाढले आहेत. विमान कंपन्यांच्या आयाटा या जागतिक संघटनेने सांगितले की 2021 साली 835 उड्डाणांमागे असा एक प्रकार घडत होता, 2022 साली 568 उड्डाणांमागे एक. झिंगून धिंगाणा घालणे हा त्यातला एक नेहमीचा प्रकार.

आता ताईच्या त्या वाक्याविषयी. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातही आहे, आणि दर वंदनेला आपण ती म्हणतो. भाऊजीही म्हणतात. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात बायका पाकीट घ्यायला उभ्या राहत, कारण दारापासून गुत्ता जवळ आणि घर लांब होते. 2015 च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती सगळी हातावर पोट असलेली होती. गावोगावी आपल्या बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली' केली, दुकाने बंद पाडली. बाहेर एवढे केले, पण घरातल्या एका माणसाला चौथा ग्लास नाकारायला बाईला बळ कुठून आणायचे? तिने नाही म्हटले की भांडण, शेजाऱ्यांना तमाशा, कधी त्याहून वाईट. त्या विमानातल्या पोरीच्या मागे कंपनीचा नियम होता, मुख्य वैमानिक होता, उतरल्यावर पोलीस होते. म्हणून तिला हसत नाही म्हणता आले. ताईच्या मागे कोण होते? मी सुद्धा नव्हते. सणासुदीला भाऊजी घेऊन आले की आम्ही सगळे 'चालायचंच' म्हणून मोकळे होत असू.

हे मी ताईला बोलून दाखवले नाही, इथे लिहिते आहे. ती हे पान दर आठवड्याला वाचते.

पुढच्या वर्षी नातीच्या पहिल्या वाढदिवसाला दोघे पुन्हा लंडनला गेले. पोहोचल्यावर ताईचा फोन आला. थंडीचे, नातीचे बोलून झाल्यावर मी भीत भीत विचारले, "आणि विमानात?"

ताई म्हणाली, "एकच घेतला. मी मोजत होते." मग मागे वळून कुणाला तरी ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आणि नंतर बटण दाबून पाणी मागितलं. दोनदा. दोन्ही वेळा लगेच आणून दिलं बाई त्यांनी."